फाट्यावरची चौकट

भाऊसाहेब गेल्याचा फोन मला आला. त्याच्या आईला नाही, थोरल्या चुलत्यांना नाही, मलाच. कारण त्याच्या मोबाईलमध्ये माझा नंबर ‘ताई मॅडम’ या नावाने होता आणि परदेशात त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या पंजाबी माणसाला वाटलं, मॅडम म्हणजे कुणी शिकलेली असणार, घरच्यांना नीट सांगेल. मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी चालू होती. तो हिंदीत सांगत होता, की काही दिवस याच्या छातीत कळ येत होती, आम्ही गाडी बोलावतो म्हटलं की हा आमचा हात धरून खाली बसवायचा. दवाखान्यात कागद मागतील म्हणायचा. आज सकाळी उठलाच नाही... मी विचारलं, मग आता कुठल्या दवाखान्यात आहे? तो म्हणाला, कुठल्याच नाही, खोलीतच आहे.

भाऊसाहेब माझा चुलतभाऊ, माझ्याहून लहान. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. तो दहावीनंतर वेल्डिंगला लागला. नेवाशाहून श्रीरामपूरकडे जाताना आमच्या गावचा फाटा लागतो, तिथे त्याचं पत्र्याचं दुकान. उसाच्या ट्रॉल्या, शेडचे खांब, गेट. ट्रॉली उलटली तरी भाऊसाहेबचा जोड सुटत नाही, असं ऊसवाले म्हणत, आणि तोही ते चारचौघांत सांगायला लाजत नसे. माझ्या घरी आला की भिंतीवरच्या पदवीच्या फ्रेमकडे बघून म्हणायचा, “ताई, तुझी डिग्री एका खिळ्यावर हाय. माझं काम पाडून दाव.” फाट्यावर फ्लेक्स लावायची लोखंडी चौकट त्यानेच गावाला फुकट उभी करून दिली होती. आमच्याकडे पोरगा पोलीस भरतीत निघाला, कुणाचा वाढदिवस आला, कुणी सोसायटीत निवडून आलं, की फ्लेक्स लागतो. मी बीए झाले तेव्हा फ्लेक्स नव्हते, पेढे होते. लोकांनी ते खाल्ले आणि विसरले. फ्लेक्स विसरू देत नाही.

तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. धंदा चांगला होता, पण मुलीकडचे विचारत, नोकरी कुठे? अशात श्रीरामपुरातल्या एका एजंटाने सांगितलं, युरोपात वेल्डर पाहिजेत, तिकडच्या कारखान्याच्या नावाने वर्क परमिट निघेल. एके दिवशी त्याने फोनवर ‘निवड झाली’ असं कळवलं. नुसतं कळवलं, हातात काही नव्हतं. पण गावाला तेवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी चौकटीवर भाऊसाहेब झळकला, ‘परदेशी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, अंगात काळा कोट, गळ्यात टाय. कोट त्याने जन्मात घातला नव्हता. फ्लेक्सवाल्याने तो कॉम्प्युटरवर चढवला होता. मग ग्रामपंचायतीसमोर फेटा, शाल, श्रीफळ. मी सगळ्यांसमोर विचारलं, परमिट आलं का? सरपंच हसून म्हणाले, “मॅडम, शाळा सुटली तरी तुमी परीक्षाच घेता.” सगळे हसले. भाऊसाहेबही हसला. पंधरवड्यात मिरजगावहून स्थळ आलं, आणि सुपारी फुटली.

परमिट काही आलंच नाही. आला तो बिझनेस व्हिसा. तो काढताना एजंटाने याच्या नावाची व्हिजिटिंग कार्डं छापली, त्याला एका इंजिनिअरिंग फर्मचा भागीदार केलं, आणि मुंबईला व्हिसाच्या खिडकीवर उभा राहशील तेव्हा हात खिशात ठेव, असं बजावलं, कारण हातांवर भाजल्याचे डाग होते. पासपोर्ट घेऊन तो माझ्याकडे आला. मी त्याला समजावून सांगितलं, की हा व्हिसा बोलणी करायला, यंत्रं बघायला जाणाऱ्या व्यापाऱ्याचा आहे. यावर तिकडे एक जोड जरी मारलास तरी तो गुन्हा. मुदत संपली की लपून राहायचं. काही झालं तर मालक ओळख दाखवणार नाही. एजंट म्हणत होता, तिकडे गेल्यावर कागद बदलून मिळतो. मी म्हटलं, मग आधीच का देत नाही?

“ताई, तुझं खरं असंल,” तो म्हणाला. “पन फ्लेक्स माझ्या दुकानासमोर लागलाय. न्हाई गेलो तर सकाळी शटर उघडायला मी कोनत्या तोंडानं जाऊ?”

मी म्हटलं, फ्लेक्स मी फाडते. तो म्हणाला, “फाड. चौकट ऱ्हाईलच की.”

तो गेला. व्हिडिओ कॉलवर नेहमी एकच भिंत दिसायची, आणि तिच्यापुढे त्याचं हसू. परमिट होतंय, म्हणायचा. पुढे पुढे ते सांगायचंही त्याने सोडलं, मीही विचारायचं सोडलं. मिरजगावचे लोक लग्नाची तारीख मागत राहिले...

तो वारल्यावर तिकडच्या कारखान्याच्या मालकाने कळवलं, की हा आमच्याकडे कामाला नव्हताच, यंत्रं बघायला आला होता. तिकडून आलेल्या कागदावर त्याचा व्यवसाय ‘व्यापारी’ लिहिला होता. कामगार नव्हता, म्हणून कामगाराची भरपाई, विमा, काहीच त्याला लागू नाही. पेटी गावात आली त्या दिवशी चौकटीवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लागली होती. फोटो तोच, कोट तोच. खाली आधी शुभेच्छुक म्हणून जी नावं होती, तीच त्याच क्रमाने, दुःखी परिवार म्हणून. एका नावातही बदल नव्हता. सरपंच मला म्हणाले, नशीब बघा मॅडम. नशिबाने बिझनेस व्हिसा काढला नव्हता. एजंटाच्या ऑफिसात आजही पोरं बसलेली दिसतात.

काकू, म्हणजे भाऊसाहेबची आई, रोज सकाळी फाट्यावरच्या डेअरीला दूध घालायला जाते. दहाव्यानंतर ती एवढंच म्हणाली, “ती चौकट काढ तिथून.” मी नेवाशाहून गॅसकटरवाला आणला. ग्रामपंचायतीला विचारलं नाही. ज्याने चौकट उभी केली त्याच्या आईचा शब्द मला पुरेसा होता. तो माणूस खाली बसला, पायाजवळच्या जोडावर बोट फिरवलं आणि आम्ही कोण हे ठाऊक नसताना म्हणाला, “काय मारलाय! कोनाचं काम हाय हे?” काकूने दुधाची किटली खाली ठेवली. वाकून तो जोड बघितला. मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे.”

गेल्या आठवड्यात तिथे नवा फ्लेक्स लागला. गावातल्याच आणखी एकाची परदेशी निवड. चेहरा वेगळा, कोट तोच. माझंही नाव शुभेच्छुकांत टाकायचं का, असं विचारायला गावातले दोघे आले होते. मी विचारलं, परमिट आलं का? “येईल की,” ते म्हणाले.

काकू वर बघत नाही. डेअरीला जाताना ती फाट्यावर थांबते, वाकते, खालच्या जोडावर हात ठेवते... आणि किटली उचलून पुढे जाते.