इंजिनाची कणीक

एकोणीसशे अठ्ठावन्न साल, आणि मी चोवीस वर्षांचा. साल आधी सांगून टाकतो, कारण आज सकाळी सूनबाईने परातीत कणीक भिजवली, तो ओला, गोडसर, किंचित मातीसारखा वास खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीपर्यंत आला आणि मी तडक त्या सालात जाऊन बसलो. इतरांना कणकेच्या वासाने भूक लागते, मला आगगाडी आठवते. घरात हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून डॉक्टरकडे नेतील. पण ज्याने लहानपणी डब्याच्या पत्र्याला चाकं लावून पाहिली असतील, अशा तुमच्यासारख्या माणसाला सांगायला हरकत नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. ती कमी पडली असं मला कधी वाटलं नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो, आणि चिंचवडला चाळीत एका खोलीचं बिऱ्हाड होतं. चाळीमागून रेल्वे जायची, पण तिच्यावर गाड्या विजेच्या, वरच्या तारेला धरून निमूट निघून जाणाऱ्या. पुण्याच्या पलीकडे वाफेची इंजिनं, सगळ्या गावाला आपला धूर दाखवत फिरणारी. ह्या दोन्हींत न बसणारं एक ठेंगणं डिझेल इंजिन मी एकदा खडकीच्या साइडिंगला डबे ढकलताना पाहिलं आणि माझं मन त्याच्यावर बसलं. त्याला ना तार, ना धुराचा तोरा. स्वतःच्या पोटात जे आहे त्याच्या जोरावर, कुणाकडे न बघता, गुरगुरत चाललेलं. मला त्यात आपल्यातलंच कुणी दिसलं असेल.

तसं इंजिन मी हाताने केलं. नकाशा नाही, पुस्तक नाही. डोळ्यांत राहिलेलं चित्र आणि माझी वीत, एवढंच माप. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्याचं लांब नाक आणि मागची ड्रायव्हरची खोली बनवली, पितळेच्या तुकड्यांतून लेथवर चाकं काढली, आणि पेट्या बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे गोल रूळ केले. सुरुवातीला त्याच्या पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग होती. ती अर्धा फेरा धावायची आणि पोथी ऐकताना पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी मान टाकायची. म्हणून लग्नाच्या वर्षी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून ट्रकच्या वायपरची मोटार आणली, ट्रकचीच बॅटरी आणली, आणि स्प्रिंग फेकून ती मोटार आत बसवली. जोर असा आला की चाकं लावलेल्या पाटावर वरवंटा ठेवला तरी इंजिन तो ओढून नेई. आवाजही त्याच तोडीचा आला. कढईत खिळे परतावेत तसा.

खिळ्यांची उपमा माझ्या बायकोची. ती आळंदीची, वडील पखवाज वाजवणारे, त्यामुळे तिला चालता यायच्या आधी ताल कळत होता. नवी नवरी म्हणून काही दिवस ती गप्प राहिली. मग एकदा संध्याकाळी, मी पाळीवरून येऊन इंजिन सोडलेलं असताना, भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, आवाजाचं एक वेळ राहू दे. पण ह्याला सम नाही."

"इंजिनाला कसली आली सम?"

"सात वेळा सरळ चालतं, आठव्याला लंगडतं. माझी भाकरी वाकडी होते."

मोठी इंजिनं अशीच वाजतात, असं मी तिला ऐकवलं. नागपंचमीला ती माहेरी गेली आणि परत आली नाही. सासऱ्यांचा निरोप दूधवाल्याबरोबर आला, "लेक बरी हाय. खडखडाट थांबला की धाडतो." दूधवाल्याने तो मला एकट्याला सांगायचं सोडून सगळ्या चाळीला सांगितला. पुढे नळावर गेलो की कुणीतरी विचारायचंच, "काय राव, थांबला का खडखडाट?"

आता दुसरा कुणी असता तर आळंदीला जाऊन सासऱ्यापुढे हात जोडून आला असता. मी इंजिन खोललं. एका दातेरी चाकाचा एक दात झिजलेला निघाला. तिची मोजणी बरोबर होती. मला राग आला, तो चाकाचा. ते चाक बदललं. पितळेवर पितळ घासायला नको म्हणून मधलं चाक फायबरचं कापलं. मोटारीचे पाय थेट पत्र्यावर होते, त्यांच्याखाली दवाखान्यातून मागून आणलेली इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं दिली. खिळे गेले, लंगडणं गेलं. पण एक पोकळ खणखणाट काही जाईना. तो ऐकू यायचा, पण कुठल्या चाकात बसलाय ते सापडायचं नाही. खोली ओकीबोकी, चूल थंड, नळावर हसू. शेवटी एका सुट्टीला दुपारी सायकलच्या कॅरिअरवर बॅटरी आवळली, रुळांचे तुकडे दांडीला बांधले, इंजिन पिशवीत घातलं आणि भोसरीवरून आळंदीची वाट धरली. खणखणाट बरोबर घेऊनच.

सासरे ओसरीवर बसले होते, मांडीवर पखवाज, शेजारी ताटलीत कणकेचा गोळा. संध्याकाळी देवळात भजन होतं. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, म्हणजे त्याचा पोकळपणा जाऊन आवाज खोल, जड होतो. वाजवून झालं की ती खरवडून काढतात. हे मी लग्नात पाहिलं होतं, आणि गव्हाची नासाडी म्हणून मनातल्या मनात नावं ठेवली होती.

"या जावईबापू," सासरे म्हणाले. "खडखडाट संगंच आणलाय जणू."

"खडखडाट राहिलाय कुठं, मामा. बघा तुम्ही."

"बघायचं न्हाई, आयकायचं. मी भितीकडं तोंड करून डोळं मिटून बसतो. गाडी माझ्या पाठीमागनं गेली आन् मला कळली न्हाई, तर लेक आज तुमच्याबरूबर. कळली, तर इंजिन इंद्रायणीत."

"मंजूर," मी म्हणालो. घाट हाकेवर होता, आणि माझी जीभ माझ्या आधी बोलते.

ओसरीवर रूळ मांडले, त्यावर इंजिन ठेवलं, बॅटरीच्या तारा रुळांना जोडल्या आणि हातपाय धुवायला परसात गेलो. हौदाच्या पाण्यात मला आपलं इंजिन बुडताना दिसत होतं, आधी नाक, मग ती ड्रायव्हरची खोली. परत आलो तर बायको दारात उभी, हात पदरात गुंडाळलेले, नजर आढ्याला. सासरे भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. मोटार जळाली असं वाटून मी खाली वाकलो. आणि बघतो तर इंजिन चाललं होतं. मुंगी चालावी तसं. सासऱ्यांच्या पाठीमागून गेलं, खांबाला वळसा घालून पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

"सोडा की आता," सासरे डोळे मिटूनच म्हणाले. "संध्याकाळ व्हायची वाट बगताय का?"

"मामा, ते मघापासून तुमच्या पाठीशी फिरतंय."

ते वळले. बराच वेळ इंजिनाकडे पाहिलं, मग ताटलीकडे. ताटलीत लिंबाएवढी कणीक उरली होती. त्यांनी तेवढीच पखवाजाला लावली आणि डाव्या तोंडावर थाप मारली. ते रिकाम्या डब्यासारखं बोललं.

"गाडी न्हाई ऐकू आली," ते म्हणाले. "पर माजी कणीक गेल्याली ऐकू आली."

"आबा, त्याचा पत्रा पोकळ वाजत होता," बायको म्हणाली. "तुमच्या डाव्या तोंडासारखा. मग काय करायचं असतं?"

मी इंजिनाचं टोपण उचललं. आतून साऱ्या पत्र्याला कणीक थापलेली होती, आणि तिच्यावर चार बोटांचे ठसे. आठवडाभर मी चाकांत शोधत होतो आणि खणखणाट होता डब्यात.

"जितलात," सासरे मला म्हणाले, बघत मात्र होते लेकीकडे. "पर ही उद्या वाळती. वाळली की पत्रा फिरून बोंबलतो. रोज नवी लावायची."

"मी कायमचा इलाज काढीन."

"काढा. आमी चार पिढ्या वाट बगतोय."

निघताना नवाच पेच. सायकलला कॅरिअर एक. बायको अंगणात उभी राहून कॅरिअरवरच्या बॅटरीकडे बघत होती. मी दोरी सोडली आणि बॅटरी ओसरीवर पखवाजाशेजारी नेऊन ठेवली. "हिला खाया काय घालायचं?" सासऱ्यांनी विचारलं. ती मागे बसली, मांडीवर इंजिन, आणि उतरत्या उन्हात हिरव्या बाजरीमधून आम्ही भोसरीकडे निघालो. आज त्या वाटेवर बाजरी शोधायला गेलात तर वर्कशॉपं आणि इमारती सापडतील, आणि रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात धरावा लागेल.

कायमचा इलाज मी पुष्कळ वर्षं शोधला. डांबर लावलं, ते उन्हाळ्यात वितळून मोटारीत उतरलं. लोकरीचा नमदा चिकटवला, त्याला कसर लागली. तो कारखाना गेला, चाळ गेली, सासऱ्यांचा पखवाज कुणाच्या घरी गेला ठाऊक नाही, आणि तीही गेली. इंजिन कपाटावर आहे. त्याच्यात तिने शेवटची थापलेली कणीक मी खरवडली नाही. निम्मी मुंग्यांनी नेली, उरलेली दगड झाली आहे, आणि त्या दगडात दोन बोटं अजून दिसतात. टिकावं म्हणून आम्ही जे केलं त्यातलं फार काही टिकलं नाही. एका दिवसापुरतं केलेलं हे एवढं राहिलं. ह्याचा हिशेब मला लागत नाही, आणि चौथीपुढे शिकलेल्यांना तो लागतो असंही दिसत नाही.

तर आळंदीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि इंजिनाच्या पत्र्यावर टिचकी मारली. तो खणकन वाजला. कणीक वाळून भेगाळली होती. बॅटरी आळंदीला, त्यामुळे इंजिन चालण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी डब्यातून गव्हाचं पीठ काढलं, परात पुढ्यात ओढली आणि जन्मात पहिल्यांदा कणीक मळायला बसलो. पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी. बायको चुलीपाशी बसून बघत होती. परात काठोकाठ होत आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, इंजिन एकच आहे ना?"

मी मळत राहिलो.