रिपोर्टातलं दूध

तिला दूध तपासून हवं होतं. स्वतःचं.

सुरतेतल्या आमच्या खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये डेअरीवाले दूध घेऊन यायचे, पण अशी मागणी पहिलीच. बाई पंचविशीची, खांद्यावर पाच महिन्यांची मुलगी. नाव रत्ना, राहणार डिंडोली, मूळची अमळनेरकडची. तिने काउंटरवर एक घडी घातलेला कागद ठेवला. तो आमचाच रिपोर्ट होता आणि खालची सही माझी.

तिचा नवरा भिका सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पिशव्या भरायचा. पिशवीत पिकावरच्या अळ्या मारायची पावडर. ही पावडर रसायनाची नसून जिवंत जंतूंची असते. जंतू अळीच्या पोटात जाऊन तिला मारतात, माणसाला काही करत नाहीत, असं पिशवीवर छापलेलं असायचं. एक दिवस पिशवी फाटली आणि पावडर भिकाच्या डोळ्यात गेली. घरी रत्नाने त्यात आपल्या दुधाचे चार थेंब पिळले. तिच्या गावाकडे डोळा आला की तेच करतात. पुढे डोळ्यात पू झाला. तो पू आमच्याकडे आला. मी तो प्लेटवर वाढवला आणि लिहिलं: बॅसिलस सिरियस, धूळ, शिजलेला भात व दूध यांत आढळतो.

कारखान्याच्या डॉक्टरांनी ‘दूध’ या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि भिकाला सांगितलं की बायकोने डोळा घालवला. ही उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या संध्याकाळची गोष्ट. तेव्हापासून रत्नाने मुलीला अंगावर घेतलं नव्हतं. वाटी-चमच्याने डब्याचं दूध देत होती. मुलगी ते ओकत होती.

मी म्हटलं, अहो, ते गाईम्हशीचं दूध, तुमचं नाही. खुशाल पाजा.

“कागदवर लिखेल शे, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही येक सांगतस, कागद दुसरं सांगस.”

बरोबरच होतं. कोणाचं दूध ते मी लिहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी तिच्याकडून दुधाचा नमुना घेतला आणि नवा कागद मिळेपर्यंत दिवसातून सहा वेळा दूध पिळून टाकायला सांगितलं, म्हणजे ते आटणार नाही. तेवढं तिने ऐकलं.

आता थोडं शास्त्र. बॅसिलस सिरियसचा एक सख्खा भाऊ आहे, थुरिंजिएन्सिस. अळ्या मारायच्या पावडरीत असतो तो हा. प्लेटवर दोघे हुबेहूब सारखे दिसतात. फरक एवढाच की भावाच्या पोटात अळीला मारणाऱ्या विषाचा एक स्फटिक तयार होतो. पण जंतू उपाशी राहिल्यावर, तीन-चार दिवसांनी. आमच्याकडे रिपोर्ट गेला की दुसऱ्या दिवशी प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, जायची. स्फटिक बघायला कोणी थांबतच नसे. मीही थांबले नव्हते.

या वेळी मात्र पतंगांच्या सणामुळे दोन दिवस लॅब बंद होती आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे रत्ना आली त्या दिवशी, ऑटोक्लेव्हवाले मगनभाई आले नव्हते. मांजाने त्यांची तीन बोटं कापली होती. प्लेट फेकायच्या बादलीत तशीच होती. मी ती काढली, स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली. प्रत्येक जंतूच्या पोटात शंकरपाळ्यासारखा स्फटिक.

आमचे मालक देसाईसाहेब वैतागले. कारखान्याच्या पाण्याचे सगळे नमुने आमच्याकडे यायचे.

“सुनंदाबेन, रिपोर्ट गयो, वात पूरी थई गई.”

मी म्हटलं, विषय संपला नाही, रिपोर्ट चुकीचा गेलाय. ते म्हणाले, असे जंतू मातीतही असतात, हा पावडरीतलाच कशावरून? प्रश्न रास्त होता.

मी सांगितल्यावर रत्ना भिकाचा कामावरचा शर्ट घेऊन आली. खिशाच्या शिवणीत पावडर होतीच. त्या पावडरीतले जंतू वाढवले. डोळ्यातले, खिशातले आणि डेअरीच्या दुधातले आमच्याकडे ठेवलेले, असे तीन जंतू घेऊन मी बडोद्याला गेले. तिथे माझी मैत्रीण हंसा नव्या पीसीआर मशीनवर काम करायची. आज जंतूचा अख्खा जीनोम वाचून काढतात. तेव्हा आम्ही जीनोमच्या इथल्या-तिथल्या तुकड्यांच्या प्रती काढायचो आणि जेलवर, म्हणजे खरवसासारख्या थरावर, त्यांचे पट्टे बघायचो. वाचन नाही, बोटांचे ठसे. हंसाने सगळं दोनदा केलं. डोळा आणि खिसा, पट्टे सारखे. डेअरीचे वेगळे.

रत्नाच्या दुधात यातला कोणताच जंतू वाढला नव्हता.

देसाईसाहेबांनी जेलचा फोटो खिडकीपाशी धरून बराच वेळ बघितला. मग पेन काढलं. “आ वखते दूध नुं नाम नहीं लखता,” ते म्हणाले. मी म्हटलं, या वेळी तर लिहावंच लागेल. इंग्रजी रिपोर्टाखाली मी मराठीत हाताने लिहिलं: आईच्या दुधात हा जंतू नाही. बाळाला पाजावे. त्याखाली लॅबचा शिक्का मारला. साहेबांनी सही केली.

रत्नाने कागद एकेक अक्षर लावत वाचला. परत पहिल्यापासून वाचला.

“म्हंजे डोया मन्हामुये नई गया?”

आठवडाभर ती मुलीच्या दुधाचं बोलत होती. हे एकदाही बोलली नव्हती.

“नाही,” मी म्हटलं. “पावडरीमुळे गेला. आणि दूध मी लिहिलं होतं. चूक माझी.”

तिने कागदाची घडी घातली. रक्त काढायच्या खोलीत पडदा होता, तिथे जाऊन बसली. मुलीने आधी तोंड फिरवलं, रडली, मग पडद्यामागचा आवाज थांबला. मी सिंकपाशी जाऊन रडून घेतलं.

भिकाला त्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. कारखान्याने सगळ्यांना गॉगल दिले आणि पाण्याचे नमुने दुसऱ्या लॅबला दिले. मी आजही रिपोर्टात जंतूचं नाव लिहिते. तो कुठे कुठे आढळतो ते कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारलं तर आधी विचारते की घरी तान्हं मूल आहे का.