लांबडीचं मागचं डावं चाक

माझ्या वडिलांना ऐकू येत नव्हतं. आमच्या घरात हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी एकानंही कधी तोंडातून काढलं नव्हतं. आई त्यांना जेवायला बोलवायची ती समोर जाऊन, हाताची खूण करून, जणू ती तिची जन्माचीच लकब. गॅरेजमध्ये फोन वाजला की मी त्यांच्या नजरेसमोरून चालत जायची, म्हणजे फोन वाजतोय हे त्यांना कळायचं. हे सगळं आम्ही इतक्या सफाईनं करत होतो की कधीकधी आमचा आमच्यावरच विश्वास बसायचा.

आणि लोकांत त्यांचं नाव काय, तर कानवाले. चाळीस वर्षं त्यांनी डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त केले. इंजिन चालू करायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "तिसरं नोझल थेंब टाकतंय." खोलून बघावं तर तिसरंच. दुसऱ्या गॅरेजवाल्यांकडे तपासणीची यंत्रं आली, पडदे आले, तरी अडलेली गाडी शेवटी कानवाल्यांच्याच दारात यायची. याच आवाजांनी त्यांचे कान खाल्ले. यात कुणाला गंमत वाटत असेल तर वाटो, मला कधीच वाटली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्यासमोर त्यांनी चुकीचं नोझल सांगितलं. मी ट्रकवाल्याच्या पाठीमागे उभी होते. मी नकळत मान आडवी हलवली. बाबांनी ते पाहिलं, पुन्हा मूठ कानाला लावली, माझ्याकडे बघत बघत दुसरा नंबर सांगितला, तिसरा सांगितला, आणि तिसऱ्याला मी मान उभी हलवली. त्या दिवसापासून त्यांनी डोळे मिटणं सोडलं. मी त्याच गॅरेजात टायरवर बसून अभ्यास केलेली मुलगी, माझा कान तयार होता. ते विचारायचे नाहीत आणि मी सांगायची नाही. ते बघायचे, मी मान हलवायची, गाडी बरी होऊन जायची.

असं दोन वर्षं चाललं. पुढंही चाललं असतं, पण आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या शेडमध्ये आतोबांची जुनी डिझेल स्टेशन वॅगन नऊ वर्षं उभी होती, आतोबा गेल्यापासून. लांबलचक पाठीची, मागचं दार वर उघडणारी. आम्ही सगळे तिला लांबडी म्हणायचो. आत्याला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि ती विकवतही नव्हती, म्हणून तिनं शेडचं दारच उघडणं बंद केलं होतं.

"अरे, लांबडी चालू करून दे," ती बाबांना म्हणाली. "रोज लागणार आहे. टिटवीला नोकरी लागली."

टिटवी ही तिची मुलगी, माझी आतेबहीण. अकराव्या वर्षी आजारपणात तिचे पाय गेले, पण जीभ दुप्पट चालायला लागली, म्हणून टिटवी. तिची खुर्ची बॅटरीवरची, जड, घडी न होणारी. टॅक्सीवाले लांबूनच ती खुर्ची बघायचे आणि निघून जायचे. लांबडीच्या पाठीत मात्र ती दोन फळ्यांवरून सरळ आत चढायची. नोकरी होती दातांच्या दवाखान्यात, फोन घ्यायची आणि लोकांना वेळा द्यायची. एकतीस वर्षांची टिटवी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला बोलण्याचा पगार देणार होतं. दवाखान्यानं सहा आठवड्यांनंतरचा सोमवार दिला होता आणि स्वच्छ सांगितलं होतं की, पहिल्या दिवसापासून वेळेवर यायचं, आमच्याकडे दुसरे लोक रांगेत आहेत.

"सहा आठवडे पुष्कळ झाले," बाबा म्हणाले. आत्याच्या ओठांकडे बघूनच त्यांनी ते ओळखलं होतं.

आम्ही शेडचं दार उघडलं. गाडी चारही टायरांवर बसली होती, काचा आतून पांढुरक्या झाल्या होत्या, आणि शेडच्या मागच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून मागच्या डाव्या चाकाशी एक काळं डबकं झालं होतं. नऊ वर्षं ते चाक त्या ओलीत उभं होतं. बाबांनी ते डबकं पाहिलं, मीही पाहिलं. "आधी बाहेर तर काढू," ते म्हणाले.

पुढचे पाच आठवडे बाबा तरुण झाले. टाकी उतरवली तर तळाशी डिझेलचा डांबरासारखा गाळ. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. ब्रेकचे रबरी होज बोटानं वाकवले की तडकायचे. त्यांनी इंजिनात वरून तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग पाना लावून हातानं इंजिन फिरवलं, एका वेळी पाव फेरा, जणू झोपलेल्या माणसाला दचकवायचं नाही. पंप खोलला, त्याची कडक झालेली सीलं बदलली, नोझल एकेक करून घासली. हे सगळं हातांचं आणि डोळ्यांचं काम. त्यात कान लागत नव्हता, आणि मी कौतुकानं बघत होते. आई डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "माझ्याकडे इतकं लक्ष कधी दिलं नाही यांनी." बाबांना ते ऐकू जायचं नाही, तरी ते बरोबर जागेवर हसायचे.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा सगळं गॅरेज काळ्या धुरानं भरलं. धूर विरला आणि त्यामागून तो जुना खडखडाट ऐकू आला. आत्या दारात उभी होती. ती रडली. बाबांनी मूठ कानाला लावली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि त्या वेळी ते खरं होतं. इंजिन उत्तम होतं.

शेवटच्या शुक्रवारी चाकं राहिली होती. बाबांनी ड्रम खोलून बेअरिंगं धुतली होती, नवं ग्रीस भरून पुन्हा बसवली होती. आता एकेक चाक जॅकवर उचलायचं, हातानं जोरात फिरवायचं आणि ऐकायचं, एवढंच बाकी. आत्या आणि टिटवी दोघी आल्या होत्या, गाडी घरी न्यायला. टिटवीनं नवा शर्ट घातला होता, सोमवारी घालायचा तोच, आम्हाला दाखवायला म्हणून.

तीन चाकं गप्प फिरली. चौथं, मागचं डावं, बाबांनी फिरवलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक आत टेकवलं, मूठ कानाला, डावा हात खाली स्प्रिंगच्या पाट्यावर.

मला ऐकू आलं. मोठा आवाज नव्हता. खडेमिठावरून चप्पल ओढावी तशी बारीक खरखर, फेऱ्यागणिक एकदा. बेअरिंगच्या पोलादाला पाण्यानं डोळ्याला न दिसणारे बारीक खड्डे पाडले होते आणि नवं ग्रीस ते झाकून बसलं होतं.

बाबा माझ्याकडे बघत होते.

आता मी काय काय विचार केला ते सांगते, कारण मी त्या एका क्षणात बराच विचार केला. या मॉडेलचं बेअरिंग आता इथं कुणी बनवत नाही, बाहेरून मागवलं तर तीन आठवडे. सोमवार तीन दिवसांवर. टिटवी माझ्यासमोर, शर्टाची घडी नीट करत. मी मान आडवी हलवली तर बाबा म्हणतील, गाडी इथंच राहू दे, आणि आत्या विचारेल, अरे तू पोरीकडे बघून का सांगतोस. मग सगळंच उघडं पडेल. आणि वंगण नवं आहे, मी स्वतःला म्हटलं, बसेल हळूहळू, महिनाभर तरी निघेल.

मी मान उभी हलवली.

बाबांचा हात क्षणभर पाट्यावरच राहिला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, हात पुसले आणि म्हणाले, "ताई, घेऊन जा."

सोमवारी सकाळी साडेआठला लांबडी गॅरेजवरून गेली. आत्यानं हॉर्न दिला. तो बाबांनी ऐकला नाही, पण गाडी दिसताच हात वर केला. टिटवी पुढच्या सीटवर बसून काहीतरी बोलत होती, काच बंद असूनही कळत होतं. गाडी पुढं गेल्यावर मागून मला ती खरखर ऐकू आली. रस्त्यावर इतक्या गाड्या, एकाही माणसानं मान वळवली नाही. मी आत गेले आणि भांडं भरून पाणी प्यायले.

मंगळवारी बाबा बँकेत गेलेले असताना मी फोन करून बेअरिंग मागवलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "तीन आठवडे धरा, जास्तच." मी कॅलेंडरवर कुठं खूण केली नाही, पण दिवस डोक्यात चालूच होते. आत्याला मी म्हटलं, "हळू चालव हं. गाडी अजून रुळायचीय."

"अगं, पन्नासच्या पुढं मी तिला कधीच नेली नाही," आत्या म्हणाली. "आतोबाच ओरडायचे, म्हातारी झालीस का म्हणून."

रोज सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी सहा. मी हातातलं काम सोडून कान लावायची. बुधवारी खरखर होती. शुक्रवारी तिला घरघर लागली होती. पुढच्या सोमवारी गाडी चौकात वळताना एक हुंकार आला, खोल, दुखऱ्या जनावराचा असावा तसा. बाबा शेजारीच उभे होते, हात वर करून. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मला त्यांचा राग आला. हो, त्यांचाच. माझ्या जिवाला घोर लावून हा माणूस हसतोय, असं वाटलं. माणूस आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला किती पटकन शिकतो ते मी त्या आठवड्यात स्वतःकडे बघून शिकले.

त्या संध्याकाळी टिटवीचा फोन आला. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिचं कौतुक केलं होतं. एक म्हातारे गृहस्थ दात काढायला घाबरत होते, तिनं त्यांना फोनवरच वीस मिनिटं बोलून राजी केलं. "मला तोंड बंद कर म्हणणाऱ्यांना सांग," ती म्हणाली. मी हसले. जिभेच्या टोकावर होतं, टिटवे, उद्या जाऊ नकोस. उद्या सांगू, बाबांनाच आधी सांगू, असं म्हणत मी फोन ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी सहाला लांबडी आली नाही. सव्वासहाला मी दारात जाऊन उभी राहिले. बाबांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. साडेसहाला फोन वाजला आणि मी त्यांच्या नजरेसमोरून चालत गेले.

पुलाच्या उतारावर चाक जाम झालं होतं. गाडी आडवी फिरली आणि कठड्यावर आदळली. टिटवीच्या कपाळाला खोक पडली, बाकी ती सुटली. मागची जड खुर्ची पुढं सरकत येऊन आत्याच्या सीटवर बसली, आणि आत्याचा उजवा हात कोपरात दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण गाडी चालवण्याचं विसरा. खुर्चीचा सांगाडा पिळला गेला होता. दवाखान्यानं जागा आठवडाभर रिकामी ठेवली, मग दुसऱ्या मुलीला दिली. त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यांना तरी काय बोलणार.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात सगळे नातेवाईक जमले होते. बाबा आत्याच्या खाटेपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "ताई, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी लपवलं. ही माझी चूक." आईनं पदर तोंडाला लावला. आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. टिटवी तिच्या पायाशी बसली होती, कपाळाला पट्टी, आणि ती गप्प होती. मी तिला गप्प बसलेली पहिल्यांदाच पाहत होते. मी बाबांच्या मागं उभी होते. दोन शब्द बोलायचे होते, तेवढेही निघाले नाहीत.

लोकांना कळायला दोन दिवस लागले. मग गॅरेजकडे कुणी फिरकेना. बाबांनी पाने पुसून खोक्यात भरायला सुरुवात केली, दिवसाला थोडे थोडे. नवव्या दिवशी मला सहन होईना. मी त्यांच्या समोर जाऊन बसले, त्यांचा हात धरून थांबवला, आणि ओठ दिसतील असं बोलले.

"बाबा, मला ऐकू आलं होतं. त्या चाकाचं. मी खोटी मान हलवली."

त्यांना कळलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हटलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पहिल्यांदाच कळलं होतं.

ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसले. तळवा उलटा केला, सुलटा केला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"चाक फिरवताना हा हात खाली स्प्रिंगच्या पाट्यावर होता," ते म्हणाले. "खरखर लागत होती मला. चांगली लागत होती. पण तू मान हलवलीस. मला वाटलं, कानासारखा आता हातही गेला."