वानखडे बाईंची निवडणूक

जानेफळच्या स्टँडवर बसची वाट पाहत उभी होते, तेव्हा आमच्या शाळेतल्या शोभा वानखडे बाईंच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली..." एवढंच ती बोलू शकली. बस आली, निघून गेली. मी तिथंच उभी. बाई गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता काही आठवडे लोटले, तरी त्यांच्याविषयी लिहायला बसलं की आधी त्यांचं हसूच आठवतं.

मी देऊळगाव राजाहून बदलून आले, तेव्हा आमच्या शाळेत मंत्रिमंडळ निवडायचं म्हणजे गुरुजींनी हुशार मुलांची नावं वाचायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. बाईंना ते पटेना. "टाळ्या वाजवून काय समजते पोरायले?" म्हणत त्यांनी खरीखुरी निवडणूक लावली. उमेदवारांना भोवरा, कंगवा अशी चिन्हं, प्रचाराला मधली सुट्टी, मतपेटी म्हणून बुटांचं खोकं, बोटाला स्केचपेनची शाई. कोपऱ्यात जुनी साडी बांधून आडोसा केला. पहिलीतली एक चिमुरडी शिक्का मारून पळत आली, "बाई, सांगू कोणाले देलं?" बाईंनी तिच्या ओठांवर हळूच बोट ठेवलं. "कोणालेच सांगू नको. मलेही नाही. ते तुह्या एकटीचं हाये."

त्या वर्षी मुख्यमंत्री झाली नंदा, मजुरी करणाऱ्या आईची मुलगी. हरला विक्की. त्याच्या वडिलांचं गावात मोठं वजन. दुसऱ्या दिवशी ते मुलाचा हात धरून वर्गातच आले. "मॅडम, पोरखेळाले काय धरून बसता? पुन्हा घ्या मतदान. नाहीतर दोघायलेही मुख्यमंत्री करा." नंदा बाईंकडे टक लावून बसलेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "पोरखेळ असता, तर तुम्ही काऊन आले असते भाऊ?" गृहस्थांचा आवाज चढला, बदलीची भाषा निघाली. बाई जागच्या हलल्या नाहीत... आणि मग विक्कीच बोलला. "बाबा, मी हारलो. बाईनं माह्यासमोरच मतं मोजली. चला ना घरी." वडील त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्याचा हात सोडून निघून गेले.

विक्कीला बाईंनी थांबवून घेतलं. "आता तू विरोधी पक्षनेता. नंदा चुकली तर विचारणं तुह्यं काम." त्यानं ते मनावर घेतलं. पाण्याची टाकी का घासली नाही, म्हणून आठवड्याच्या आतच त्यानं नंदाला भर परिपाठात उभं केलं, आणि मग दोघांनी मिळून टाकी घासली. विक्कीचे वडील येऊन गेले त्या दिवशी, मुलं घरी गेल्यावर बाई मला म्हणाल्या होत्या, "भेव तर मलेही लागलं होतं वं. पण नंदा पाहून राह्यली होती ना माह्याकडं."

यंदाची निवडणूक मी घेतली. मतदान सुरू होणार तोच चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमी भिंतीकडं तोंड करा नं. वानखडे बाई तसंच उभ्या राहत."

"काऊन गं?"

"मंग कोणाले भेव नाही लागत."

मी भिंतीकडे वळले. पाठीमागे रांग हळूहळू पुढे सरकत होती. बरंच झालं... माझा चेहरा कोणाला दिसला नाही.