काकाजींचं शुद्धलेखन

जगातली प्रत्येक गोष्ट देवानं मुळात परीक्षेत विचारण्यासाठीच निर्माण केली आहे, अशी माझ्या चुलतसासऱ्यांची पक्की समजूत होती. मोर नाचतो तो निबंधात यावा म्हणून, नदी डोंगरातून निघून समुद्राला मिळते ती गाळलेली जागा भरता यावी म्हणून, आणि माणसाला डावा हात दिला आहे तो उजव्या हातानं लिहिताना पाटी हलू नये म्हणून. घरात सगळे त्यांना काकाजी म्हणत, लग्न होऊन आल्यावर मीही म्हणू लागले. ते मास्तर नव्हते. दवनीवाड्याला त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या, एक बैलजोडी होती आणि चिखलात राबून भेगाळलेले पाय होते. पण तरुणपणी कधीतरी ते मराठी सातवीच्या परीक्षेत केंद्रात पहिले आले होते, आणि त्या आनंदातून ते पुढं जन्मभर बाहेरच पडले नाहीत. धान कापून खळ्यावर आलं, की गावच्या शाळेतले गुरुजी चौथीची पोरं आमच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पाठवून देत. उन्हाळ्याच्या तोंडाशी गोंदियाला त्यांची परीक्षा व्हायची: वाचन, शुद्धलेखन आणि निबंध. तोवर आमच्या सपरीतून आत-बाहेर करायचं म्हणजे पाट्यांवरून उड्या मारत जायचं.

मी नागपूरकडची, मॅट्रिक झालेली. माझे यजमान काकाजींचे पुतणे. आईवडील लहानपणीच गेलेले, तेव्हा काकाजी आणि काकीजी हेच माझे सासूसासरे. हळद उतरायच्या आत काकाजींनी मला सपरीत बोलावलं. मला वाटलं, काही वडीलधारा उपदेश असेल. त्यांनी माझ्यापुढं पाटी ठेवली, डोळे मिटले आणि 'शीर्षासन, ऊर्मिला, आशीर्वाद' असे शब्द घालायला सुरुवात केली. माझ्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, डोक्यावरचा पदर घसरत होता, आणि दारामागं शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. पाटी पाहून काकाजी म्हणाले, "ऊर्मिलेले पहिला उकार दिला तुवा. बाकी घर सांभाळशील." एवढ्यावर मी त्या घरात पास झाले.

शुद्धलेखन सांगण्याची त्यांची रीत साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. परीक्षेला शाळा तपासणारे कोणते डिप्टी साहेब येतील याचा भरवसा नसे, म्हणून पोरांना सगळ्या जातीच्या साहेबांची सवय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग एक दिवस ते तोंडात पान धरून शब्द सांगत, म्हणजे तोंडात पान असलेले साहेब आले तर पोरं घाबरायची नाहीत. एक दिवस नाक दाबून, पडसं झालेल्या साहेबांसाठी. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, त्यामुळं हिंदी साहेब येण्याची शक्यता मोठी. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवलेला असे आणि त्या दिवशी 'चमचा' आणि 'जहाज' हे शब्द काकाजींच्या तोंडून असे काही निघत की आमची म्हैससुद्धा मान वळवून पाही. हळू आवाजाच्या साहेबांसाठी ते पोरांना बांधीच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवत आणि स्वतः दुसऱ्या धुऱ्यावर जाऊन तिथून ओरडून शब्द सांगत. वाटेनं जाणाऱ्या बैलगाड्या थांबत. एकदा दाणे विकायला निघालेल्या एका शेतकऱ्यानं, कोणाशी भांडण झालं म्हणून विचारलं, तर काकाजींनी त्यालाच 'भांडण' शब्दात शेवटी न की ण ते विचारलं.

या ण आणि न वर त्यांचा जीव अडकलेला होता. आमच्याकडं बोलताना ण कोणी म्हणत नाही. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. स्वतः काकाजीही जन्मभर पानीच प्यायले. पण पाटीवर न दिसला की ते इंगळी दिसल्यासारखे मागं सरकत. "बोलताना मानूस घरचा रायते," ते पोरांना सांगत, "लिवताना सरकारचा होते. घरचं घरी ठेवा."

निबंधाच्या बाबतीत तर त्यांचं एक स्वतंत्र तत्त्वज्ञान होतं. परीक्षेत खरं लिहायचं नाही. एका पोरानं गाईवरच्या निबंधात लिहिलं होतं, आमची गाय लाथ मारते आणि दूध काढताना आईला शिव्या द्याव्या लागतात. काकाजींनी ते वाक्य थुंकी न लावता, ओल्या फडक्यानं, अगदी आदरानं पुसलं. मग पोराला जवळ बसवून समजावलं, की साहेबांनी तुझी गाय पाहिलेली नाही. साहेबांना फक्त परीक्षेतली गाय ठाऊक आहे, आणि ती गरीब असते. पोरगं मान हलवून गेलं आणि पास झालं. परीक्षेच्या दिवशी काकाजी उपास धरत. पोरांना बैलगाडीतून गोंदियाला नेत, केंद्राबाहेरच्या कडुनिंबाखाली उभे राहत आणि आत पोरं लिहीत असताना बाहेर ओठ हलवत राहत. तिथल्या चपराश्याला आधी ते मंत्र घालणारे कोणी बुवा वाटले होते.

अशा या माणसाच्या घरात काकीजींना मात्र अक्षरओळख नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकाजींनी त्यांना शिकवायला बसवलं होतं आणि दोन-चार दिवसांत पाटी फुटली. ती कोणी फोडली याबद्दल दोघांची मतं शेवटपर्यंत वेगळी राहिली. त्यानंतर काकीजींनी त्या विषयाला हात लावला नाही. पोरांचा गलका सुरू झाला, की त्या सूप घेऊन मागच्या अंगणात जात. तब्येतीनं किरकोळ, बोलण्यात तोडून टाकणाऱ्या. काकाजींचा पाठ फार लांबला की आतूनच विचारत, "त्या पोट्ट्यायले जेवू देता का शब्दच चारता?"

मग सरकारनं मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवण्याचे वर्ग काढले. बायकांचा वर्ग घ्यायला गावात शिकलेली बाई मीच, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. दुपारी पोरं शाळेत असत तेव्हा सपरी मोकळी, म्हणून वर्ग तिथंच भरू लागला. काकाजींना मी बायकांसाठी बाहेर जायला सांगितलं. ते गोठ्यात जाऊन बसले. पण गोठ्याची आणि सपरीची भिंत एकच होती, आणि मी एखादं अक्षर चुकीच्या क्रमानं शिकवलं की पलीकडून खाकरल्याचा आवाज येई.

पहिल्या दिवशी बायका जमल्या तेव्हा काकीजी लाखोरीची डाळ निवडायला घेऊन कोपऱ्यात बसल्या. मला वाटलं, गंमत पाहायला आल्या असतील. थोड्या दिवसांनी डाळीचं सूप आलं नाही, नुसत्या काकीजीच आल्या. त्यांनी माझ्यापुढं हात केला आणि पेन्सिल मागितली. मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "मले लिहाचं हाय. तुह्या काकाजीले विचारू नोको."

काकाजींना काय विचारायचं. त्यांना भिंतीपलीकडून सगळं कळत होतं. पण बायकोला शिकवायचं एकदा जमलं नव्हतं आणि दुसरी पाटी फुटलेली त्यांना पाहायची नव्हती. म्हणून ते सगळं माझ्यामार्फत करू लागले. जेवताना माझ्याकडं पाहून म्हणत, "सूनबाई, तुह्या वर्गात कोनी जोडाक्षर चुकत असन, तर त्याले सांग, स्त्री शब्दात स आधी येते." काकीजी वाढता वाढता म्हणत, "सूनबाई, कोनी शिकवून राह्यलं असन, तर त्याले सांग, भात थंडा होऊन राह्यला." दोघांच्या मधे बसून मी पोटभर जेवत असे.

वर्गाच्या शेवटी परीक्षा होती. डिप्टी साहेब येणार, थोडं वाचायला लावणार, थोडं शुद्धलेखन घालणार आणि आपल्या घराविषयी चार-पाच वाक्यं लिहायला सांगणार. हे कळल्यापासून काकाजींची झोप उडाली. त्यांनी वाक्यं तयार करून मला दिली. माझे घर सुंदर आहे. आमच्या अंगणात तुळस आहे. आम्ही सर्वजण आनंदाने राहतो. काकीजींनी ती पाठ केली. चुलीपुढं बसून त्या ती आरतीसारखी चालीत म्हणत. काकाजी गोठ्यातून ऐकत आणि बैलाच्या पाठीवर थाप मारत. साऱ्या गावाच्या पोरांच्या परीक्षांना एक उपास धरणाऱ्या त्या माणसानं या वेळी आदल्या दिवसापासूनच जेवण सोडलं, आणि पोट बिघडलं आहे असं घरात सांगितलं.

रविवारी शाळेत परीक्षा झाली. साहेब पोक्त, शांत, आमच्या काकाजींनी कल्पिलेल्या कुठल्याच जातीत न बसणारे होते. बायका ओळीनं बसल्या. मी बाजूला उभी होते. काकाजी, जसे गोंदियाला उभे राहत तसेच, खिडकीबाहेर उभे होते. ओठ हलत होते. काकीजींनी वाचून दाखवलं. बोट ओळीखाली धरून, अडखळत, पण थांबल्या नाहीत. शुद्धलेखनही बरं गेलं. मग साहेबांनी घराविषयी लिहायला सांगितलं आणि सगळ्या बायका पाट्यांवर वाकल्या. काकीजी बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मला वाटलं, पाठ केलेलं विसरल्या. खिडकीत काकाजींनी दोन्ही हातांनी गज धरले होते. मग त्या लिहू लागल्या.

साहेब एकेकीजवळ जाऊन पाटी मोठ्यानं वाचत होते. काकीजींची पाटी त्यांनी हातात घेतली आणि वाचली: "माझे घर दवनीवाड्याला आहे. मला दोन मुलगे आहेत. मला एक मुलगी होती. तिचे नाव वेनू. तिला पाटी पाहिजे होती."

त्या घरात मी इतकी वर्षं राहत होते, दोन्ही दिरांच्या बालपणाच्या गोष्टी मला पाठ होत्या, पण वेणूचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर माझ्या यजमानांनी सांगितलं. काकाजींच्या सपरीत पोरांच्या मधे एक चार वर्षांची मुलगी रोज येऊन बसायची आणि मला पण पाटी द्या म्हणायची. काकाजी सांगायचे, पाचवं लागल्यावर देतो. पाचवं लागायच्या आधी तापात गेली. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कोणी काढलं नाही. काकाजींनी काढलं नाही म्हणून काकीजींनी नाही, आणि काकीजींनी काढलं नाही म्हणून काकाजींनी नाही.

साहेबांनी घसा साफ केला. त्यांना सहानुभूतीनं काहीतरी बोलायचं असावं, पण परीक्षकाला जे येतं तेच ते बोलले. म्हणाले, सगळं बरोबर आहे बाई, एवढंच एक अक्षर. वेनू नाही, वेणू. आणि ते दुरुस्त करायला त्यांनी पेन्सिल उचलली.

"राहू द्या, साहेब," खिडकीतून काकाजी म्हणाले.

साहेबांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. काकीजींनी मान वर केली नाही.

"आमी तिले वेनूच म्हनत होतो," काकाजी म्हणाले. "तसंच राहू द्या."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. पाटी शाळेची होती, पुढच्या गावच्या परीक्षेसाठी पुसून द्यायची होती. गुरुजी ओलं फडकं घेऊन आलेही. काकाजी दारानं आत आले, शाळेत बायका बसल्या आहेत हे विसरून सरळ आत आले, आणि त्यांनी ती पाटी उचलली. बदली पाट्या आणून देतो, पाहिजे तेवढ्या, असं गुरुजींना सांगितलं. मग प्रसादाचं ताट धरावं तशी दोन्ही हातांवर आडवी धरून, अक्षरांना बोट लागू न देता, गावातून चालत ती घरी नेली. मागून काकीजी आणि मी. घरी आल्यावर काकीजींनी आधी चूल पेटवली, भात लावला आणि ताट वाढून काकाजींपुढं ठेवलं. पोट बिघडलं आहे, हे त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

पाटी देवघराच्या कोनाड्यात राहिली. पावसाळ्याच्या दमटपणात तिच्यावरची अक्षरं हळूहळू अस्पष्ट होत गेली. ती पुन्हा गिरवावी का, असं मी एकदा काकीजींना विचारलं. त्या नको म्हणाल्या. पण त्यानंतर त्या घरात वेणूचं नाव निघू लागलं. चिंचा पिकल्या की काकीजी म्हणत, वेणूला चिंचा भारी आवडायच्या. आणि काकाजी म्हणत, चिंचा नाही, चिंचोके. त्यावरून दोघांचं भांडण होई, आणि ते ऐकायला मला बरं वाटे.

पुढं काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पोरांच्या पाट्या दिसेनाशा झाल्या, तशी सपरीतली शिकवणी आपोआप थांबली. गोंदियाच्या मोटारीनं एक दिवस शिळा पेपर यायचा. दुपारी काकाजी सपरीत खाटेवर पडून राहत आणि काकीजी उंबऱ्याशी बसून त्यांना तो वाचून दाखवत. कोणता मंत्री कुठं गेला, कोणत्या धरणाचं पाणी कुठं सोडलं, गुळाचा काय भाव, सगळं एकाच चालीत, बोट ओळीखाली धरून. काकाजी मधून मधून म्हणत, "थांब. तेथं पूर्नविराम हाय." न पाहताच म्हणत, आणि बहुतेक तो असे.

एका दुपारी मी आतून बाहेर आले तेव्हा काकाजींना गाढ झोप लागली होती; तोंड थोडं उघडं, हात पोटावर. काकीजी वाचतच होत्या. मी हळूच म्हटलं, काकीजी, काकाजी तर झोपले.

"झोपू दे," त्या म्हणाल्या, बोट न उचलता. "मले पुढचं वाचाचं हाय."

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. बाहेर बांध्या कापून मोकळ्या झाल्या होत्या, ऊन स्वच्छ पडलं होतं. काकीजींनी पान उलटलं आणि आवाज जरा खाली आणला.