आतली सूज

आळेफाट्याच्या दवाखान्यात ती बाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. सोबत नवरा, बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करणारा, चांगला धडधाकट गडी. दोघं नुकतीच डॉक्टरांकडून बाहेर आली होती. बसल्या बसल्या तिनं वाकून त्याची नडगी अंगठ्यानं दाबून पाहिली, मग घोटा, मग मनगट.

"भाऊ," ती मला म्हणाली, "डाक्टर म्हणत्यात, रक्तात सूज दिसतीय. मला तर कुठंच गावंना."

गेल्या वर्षी माझ्याही रक्तात तेच निघालं होतं, म्हणून सांगू शकलो. कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीला आतून चिकटायला लागलं की तिथं बारीक सूज धरते. ती हाताला लागत नाही, रक्त तपासल्यावरच कळते. वेळेवर कळलंय, गोळ्या घेतल्या, पथ्य पाळलं तर आटोक्यात राहतं.

"मला काय बी व्हत न्हाई," नवरा पुटपुटला.

तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. "बैलाचा खांदा सुजला तर मी हळद-तेल चोळते. ह्यांचा गुडघा सुजला तवा आंबेहळद उगाळून लावली. पर आतल्या सुजंला हात कसा पोचवायचा?"

तेवढ्यात माझा नंबर आला आणि मी आत गेलो.

नंतर फाट्यावर एसटीची वाट बघत ती दोघं उभी दिसली. सदऱ्यावरूनच ती त्याची छाती तळहातानं हळूहळू चोळत होती, बैलाचा खांदा चोळावा तशी. भर बाजारात बैलांच्या पाठीवर थाप मारणारा तो गडी लाजून इकडंतिकडं बघत होता. पण तिचा हात त्यानं बाजूला सारला नाही.