तहानेला पुण्य म्हणू नका

तुमच्या घरातली अठरा वर्षांची मुलगी भर वैशाखात दुपारी चार वाजेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नसेल, तर तुम्ही तिला भाविक म्हणाल की आजारी? उत्तराची घाई करू नका. आमच्या घराने दोन महिने विचार केला आणि चुकीचं उत्तर दिलं.

बरोबर उत्तर आम्हाला मिशनच्या दवाखान्यात मिळालं. तिथल्या डॉक्टर स्वतः धर्मभगिनी आहेत, मलबारकडच्या. सगळे त्यांना डॉक्टर सिस्टर म्हणतात. त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या, लूसीच्या, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

मग तिच्याशी बोलून त्या म्हणाल्या, हे डिहायड्रेशन आहे, म्हणजे शरीरातलं पाणी आटलं आहे. आणि हिला ऑब्सेशन आहे. ऑब्सेशन म्हणजे नको असलेला एकच विचार मनात ठाण मांडून बसतो. माणसाला कळतं की हा विचार फाजील आहे, तरी तो हाकलता येत नाही.

आमचे वडील, ज्यांना आम्ही बा म्हणतो, हात जोडून म्हणाले, "सिस्टर, पोरगी उपास करते. लय भाविक हाये."

"असेल भाविक," सिस्टर म्हणाल्या, "पण ती मरायला टेकली आहे."

आमचं गाव कारंज्याकडच्या धनजपासून दोन कोसांवर. गावात कॅथलिकांची पाच घरं. सगळी शेतमजुरीवर जगणारी. बा प्रचारक आहेत, म्हणजे फादर नसतात तेव्हा प्रार्थना चालवायची, मुलांकडून धर्माची प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायची, असं त्यांचं काम. म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणतं. मिशनमधून दर महिन्याला पातळ पुस्तिकांचा गठ्ठा येई. मी वाचायला त्यांच्यावरच शिकलो आणि भांडायलाही.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्याला कम्युनियन, म्हणजे मिस्सा या मुख्य उपासनेतला पवित्र प्रसाद घ्यायचा आहे, त्याने मध्यरात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असा आमच्यात जुना नियम. शहरात मिस्सा पहाटे होते. प्रसाद घेतला की लोक घरी जाऊन चहा पितात. तिथे हा नियम कुणाला जड जात नाही.

आमच्याकडे फादर महिन्या-दीड महिन्यातून एकदा येतात. कधी सायकलवर, कधी कारंज्याहून येणाऱ्या मोटारीने. आधी निरोप येईलच असं नाही. आले की त्याच दिवशी मिस्सा. एकदा ते असेच अचानक आले आणि लूसीने सकाळी भाकर खाल्लेली होती. तिला प्रसाद मिळाला नाही. ती रडली. आम्ही हसलो.

त्यानंतर लूसीने ठरवलं की फादर कोणत्याही दिवशी येऊ शकतात, म्हणून रोज तयार राहायचं. कारंज्याची मोटार चार वाजता गावच्या फाट्यावरून पुढे जायची. ती गेली की आता आज फादर येत नाहीत, मग पाणी. तोवर गहू कापणं असो, धसकटं वेचणं असो, कोरडं तोंड.

पहिलं लक्षण हे होतं. ते आम्हाला लक्षण वाटलं नाही.

दुसरं लक्षण शंकेचं. तोंड धुताना एखादा थेंब घशात गेला असेल का? तिने चूळ भरणं सोडलं. ज्वारीचा कण दाढेत राहिला असेल का? ती काडीने हिरड्या कोरू लागली, रक्त येईपर्यंत. मग रक्त गिळलं गेलं का, ही नवी शंका. दिवसातून वीस-वीस वेळा माझ्याजवळ यायची. "दादा, सांग ना, गेलं का पोटात? नाही ना गेलं?" मी नाही म्हटलं की घटकाभर बरं, मग पुन्हा तेच. शेवटी मी तिच्यावर खेकसायला लागलो.

बा मात्र खूश होते. रविवारच्या प्रार्थनेत ते सगळ्यांसमोर म्हणाले की पोरीकडून शिका. हिंदू आळीतल्या दोन बाया येऊन तिच्या पाया पडून गेल्या. लूसी वाळत चालली आणि तिचा मान वाढत चालला.

आमच्या शेजारच्या धोंडामाय तेवढ्या पाया पडल्या नाहीत. त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत आणि जिभेला हाड नाही. त्या कुडावरून बांना म्हणाल्या, "मास्तर, माह्या म्हशीनं पान्यावरून तोंड फिरवलं तं मी ढोराच्या डाक्टरले बलावीन, तिच्या पाया नाही पडनार. काहून पोरीचा जीव घेऊन राह्यले?"

बा म्हणाले, आमच्या धर्मातलं तुम्हाला कळायचं नाही.

"धर्मातलं नसंन कळत," त्या म्हणाल्या, "पन तहानेतलं कळते."

चार बुकं वाचलेल्या माणसांना जे दिसलं नाही ते या अडाणी बाईला दिसलं. मी तिथेच उभा होतो. मी बांचीच बाजू घेतली. हे लिहिताना मला माझीच चीड येते.

वैशाखात लूसी शेतात पडली. धोंडामायच्या बैलबंडीतून तिला फाट्यावर नेलं, तिथून मोटारीने कारंज्याला, आणि दुसऱ्या मोटारीने मिशनच्या दवाखान्यात.

पहिले दोन दिवस सलाईन लावलं. सलाईन म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी, सुईने शिरेत सोडतात. लूसीने हात मुकाट्याने पुढे केला. हे पाणी जिभेवरून जात नव्हतं ना. तोंडाने मात्र ती संध्याकाळपर्यंत घोट घेईना, कारण दवाखान्याच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, रोज मिस्सा होती आणि प्रसाद खाटेपर्यंत कधीही येईल असं तिला वाटे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं पाणीही तिने बंद केलं. मध्यरात्र कधी होते ते आपल्याला नक्की कळणार नाही, म्हणाली.

शिरा सापडेनाशा झाल्या. डॉक्टर सिस्टर म्हणाल्या की असं फार दिवस चालणार नाही, हिने प्यायलाच हवं.

चौथ्या दिवशी शहरातून मनोविकारांचे एक डॉक्टर आले. ते आठवड्यातून एकदा येत. त्यांनी लूसीशी एक शब्दही न बोलता तिच्या उशाशी उभं राहून बांना सांगितलं की मुलीला शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवा, इलेक्ट्रिक शॉक देऊ, म्हणजे डोक्यातून विजेचा प्रवाह सोडू. त्याने भागलं नाही तर ल्युकॉटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू कापायचे. मुलगी शांत होईल. इथे सही करा.

लूसी ऐकत होती. तिचे डोळे उघडे होते. एखादी म्हैस विकताना तिच्यासमोर बोलावं तसं सगळं चाललं होतं, आणि बांनी टाक उचलला होता.

डॉक्टर सिस्टरांनी कागदावर तळहात ठेवला. "हिला विचारलं?"

शहरातले डॉक्टर हसले. म्हणाले, वेड्यांना विचारून उपचार करायचे तर आम्ही घरी बसावं.

सिस्टर चिडलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. आवाज चढला नाही, फक्त मराठी तुटक झाली. "ही शुद्धीवर आहे. हे शरीर, हे मन देवाने हिच्या हवाली केलं. ती देईल तेवढंच डॉक्टरने घ्यायचं. त्यापेक्षा जास्त घ्यायचा हक्क तुम्हाला नाही. मला नाही. बापालाही नाही."

नंतर त्यांनी मला समजावलं की शॉकने काही रोगी बरे होतात, त्यांचा त्याला सरसकट विरोध नाही. न विचारता करण्याला आहे. मी चर्चच्या पुस्तिका दहा वर्षं वाचत होतो. माणसाच्या मोलाबद्दल त्यात पानंच्या पानं होती. ते मोल खाटेवर पडलेल्या माझ्या बहिणीलाही लागू आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

सिस्टर खाटेवर बसल्या आणि लूसीला म्हणाल्या, तू सांग, काय करू?

चार दिवसांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं. ती कोपरावर टेकून अर्धवट उठली. मग म्हणाली, "माह्यं डोस्कं कापू नका. मले पानी पाह्यजे. लय तहान लागते वो सिस्टर. पन कोनी तरी सांगा, पाप माह्यं नाही."

उपचार तिलाच ठाऊक होता. विचारायचा अवकाश होता.

सिस्टरांनी फादरना बोलावून घेतलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले, धुळीने माखलेले. त्यांनी लूसीला सांगितलं की हा आजार चर्चला जुना माहीत आहे, त्याला स्क्रुपल्स म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोचणारा बारीक खडा. चपलेत खडा गेला म्हणून माणूस पापी होत नाही, त्याला फक्त चालवत नाही. मग ते म्हणाले, "उद्यापासून उठल्याबरोबर एक पेला पाणी प्यायचं. ही माझी आज्ञा आहे. पाप लागलंच तर मला लागेल, देवाला मी उत्तर देईन."

आणि बांकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "पाण्याचा नियम तर केव्हाच उठला. साध्या पाण्याने उपास मोडत नाही आता. आजाऱ्याला औषधही चालतं. छापील पत्र पाठवलं होतं मी, वाचून दाखवलं नाही का?"

बा खोलीबाहेर गेले.

व्हरांड्यात आल्यावर मी त्यांना विचारलं, "बा, पत्र काहून नाही वाचलं?"

ते म्हणाले, "सगळं सोपं केलं तं मंग धर्मात कोन राह्यते? आपले लोक कच्चे हायेत."

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण गेलो नाही, कारण ते पत्र मीही वाचलं होतं. बांच्या पेटीत पुस्तिकांच्या गठ्ठ्यातच होतं. मला तेव्हा वाटलं होतं की शहरातल्या नाजूक लोकांसाठी केलेली ही सवलत, आपल्याला कशाला? चार ओळी मोठ्याने वाचल्या असत्या तर लूसीचा आजार गेला नसता, हे सिस्टरांनी सांगितलं. खडा दुसरीकडे टोचला असता. पण ती वैशाखात तहानेने पडली नसती. देवाने नव्हे, पोपने नव्हे, तिला पाण्यावाचून ठेवलं ते आम्ही दोघांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूसीने पेला धरला. अर्धं पाणी पदरावर सांडलं. उरलेलं प्यायली आणि रडली. चॅपेलमध्ये गेली आणि प्रसाद घेतला.

आम्ही तिथे पाच आठवडे राहिलो. सिस्टर रोज तिच्याशी बोलत. शंका आली की कुणाला विचारायचं नाही, हातातलं काम पुढे न्यायचं, असा नेम लावून दिला. आम्हालाही नेम होता: तिने विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. खेकसणं सोपं होतं, हे अवघड होतं. आज वर्ष झालं. ती पूर्ण बरी नाही. एखाद्या दिवशी माझ्याकडे येऊन उभी राहते, तोंड उघडते, आणि काही न विचारता परत फिरते. त्या दिवशी तिच्याएवढं धैर्याचं माणूस आमच्या पंचक्रोशीत नसतं.

डॉक्टर सिस्टरांचे उपकार मोठे आहेत, धोंडामायचेही. पण नुसते उपकार मानून मी थांबणार नाही. प्रत्येक गावात पाणी नाकारणारी, हात धुणारी, रात्रंदिवस माफी मागणारी कुणी लूसी आहे, आणि तिच्या पाया पडणारे किंवा तिला साखळीने बांधणारे आपण आहोत. हे छापू का, असं मी लूसीला विचारलं. ती म्हणाली, "छाप. माह्यं नावबी टाक."

म्हणून तुम्हाला, माझ्या कॅथलिक भावाबहिणींना, एकच मागणं आहे. येत्या रविवारी प्रार्थना संपली की घरी पळू नका. उभे राहा आणि तुमच्या प्रचारकाला सगळ्यांदेखत सांगा की आजाऱ्यांसाठी जे नियम आणि ज्या सवलती आहेत त्या आत्ता, इथे, मोठ्याने वाचा. तो टाळाटाळ करील. वाचून होईपर्यंत खाली बसू नका.